अप्पांचं तिसरं नको

"अप्पांना खाली बसवा कुणीतरी. वाढायला माणसं लई हायत."

श्रावणातला महाप्रसाद होता. मठाच्या स्वयंपाकघरातून एका बाईचा आवाज आला. ती तशी हळूच बोलली होती, पण नेमकं त्या वेळी अंगणात सगळे गप्प झाले होते, त्यामुळे ते वाक्य दोन्ही पंगतींना ऐकू गेलं. काशिनाथअप्पा पंगतीच्या मधोमध वाकलेले होते. एका हातात आमटीची बादली, दुसऱ्या हातात पळी. वाढायला म्हणून ते वाकले आणि तसेच राहिले. उजवा गुडघा त्यांना वर येऊ देत नव्हता. बादली कलंडली आणि आमटीचा ओघळ एका पाहुण्याच्या पत्रावळीखालून वाहत गेला. पाहुणा धोतर सावरत बाजूला सरकला. दोघांनी धावत येऊन अप्पांना काखेत धरून सरळ केलं, तिसऱ्यानं त्यांच्या हातातून बादली घेतली. अप्पांनी ती लगेच सोडली नाही.

मी समोरच्या रांगेत बसले होते. अप्पा कुणाकडेच बघत नव्हते. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी आधी पाहुण्यापुढची जमीन पुसली, मग आपले हात पुसले, मग काहीच पुसायचं उरलं नाही तरी ते हात पुसत राहिले. मी मान खाली घातली. दुसऱ्याची फजिती मला बघवत नाही, ती माझीच चालली आहे असं वाटतं. त्या दिवशी तर पंगतीतल्या पुष्कळ जणांनी माझ्यासारखीच मान खाली घातली होती, कारण आमच्या बेंबळी गावात पंगत म्हणजे अप्पा, आणि अप्पा म्हणजे पंगत, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

अप्पांचं किराणा दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग, पांढरा शर्ट, पांढरा पायजमा आणि खांद्यावर टॉवेल. अंगानं भरलेले, आवाजानं त्याहून भरलेले. दुकानात ते बसलेले असत, पण मनातून ते कायम कुठल्या तरी मांडवात उभे असत. गिऱ्हाईक साखर मागायला आलं की ते विचारत, घरी काही कार्यक्रम आहे का. आहे म्हटलं की किती माणूस, आचारी कोण, हुग्गीला गहू कुठला, हे सगळं विचारून झाल्याशिवाय पुडी बांधली जात नसे. हुग्गी म्हणजे गव्हाची गूळ घालून केलेली घट्ट खीर. अप्पांच्या समाजातल्या लग्नात ती नसेल तर लग्न लागलं की नाही अशी शंका यावी, इतकी महत्त्वाची. वर दूध, वर तूप. अप्पा ती वाढत तेव्हा पळी ताटावर उलटी करून ठेवत आणि हळूच उचलत. मागे छोटी टेकडी उभी राही.

त्यांना कुणी बोलावलं नाही तरी ते वाढायला जात. लग्न, बारसं, मठातला महाप्रसाद, घरभरणी, कुणाचा पोरगा नोकरीला लागला म्हणून घातलेलं जेवण. आचाऱ्याला मदत करणं त्यांना कमीपणाचं वाटे आणि यजमानाशी गप्पा मारणं फुकट वेळ घालवणं वाटे. त्यांची जागा दोन रांगांच्या मधली. तिथं त्यांनी एक शास्त्रच तयार केलं होतं, आणि ते वाढता वाढता मोठ्यानं सांगत.

"माणसाचं पहिलं नको लाजंचं असतंय. दुसरं नको मानाचं. तिसरं नको खरं. पण तिसऱ्यापातूर थांबला तर तो वाढपी कसला?"

पंगत हसायची. हसणाऱ्याच्या ताटात तोवर पडलेलं असायचं.

त्यांच्या आग्रहाच्या गोष्टी गावात सांगितल्या जात. एकदा तालुक्याहून एक साहेब आले होते. साहेबांनी पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरले आणि डोळे मिटले. अप्पा हुग्गीनं भरलेली पळी साहेबांच्या हातांवर धरून नुसते उभे राहिले. मागची रांग खोळंबली, आचारी ओरडला, तरी हलले नाहीत. शेवटी पळीतून एक थेंब साहेबांच्या मनगटावर पडला. साहेबांनी तो पुसायला एक हात काढला, आणि तेवढी फट अप्पांना पुरली. ही गोष्ट सांगताना अप्पा साहेबांचे मिटलेले डोळेही करून दाखवत.

त्यांच्या नादात मीही सापडले होते. माझं शिक्षण धाराशिवला इंग्रजी शाळेत झालं. वडील पंचायत समितीत नोकरीला, त्यांना मुलीनं इंग्रजी बोलावं असं वाटे. रोज सकाळी गाडी यायची, संध्याकाळी सोडायची. त्यामुळे गावात मी पाहुण्यासारखी वाढले. शाळेत 'नो, थँक यू' म्हटलं की समोरचा माणूस डबा घेऊन पुढच्याकडे जायचा. पंगतीत ते चालत नव्हतं. मी नको म्हणायचे ते माझं मलाही नीट ऐकू येत नसे, आणि अप्पा तर वाढताना गाणं म्हटल्यासारखे बोलत असत. एका बारशाला त्यांनी माझ्या ताटात हुग्गीची टेकडी उभी केली, ती मी संपवली, त्यांनी दुसरी उभी केली. मी तीही संपवली, कारण टाकायचं नाही हे त्यांनीच आधी बजावलं होतं. डोळ्यांत पाणी आलं होतं. अप्पांनी ते पाहिलं आणि सगळ्या पंगतीला ओरडून सांगितलं की बघा, इंग्लिश शाळेची पोरगी, पण जेवायला आपली मराठीच हाय. सगळ्या बायका माझ्याकडे वळून हसल्या. तेव्हापासून ते मला म्याडम म्हणत. मी दुकानासमोरून जाताना ते हाक मारत, "काय म्याडम, आज न्हाय म्हनायची शाळा सुटली का?" मी मान हलवून पुढे जात असे. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण राग येत नसे, कारण ते वाढत होते ते खरोखर प्रेमानंच, आणि प्रेमाला नको कसं म्हणायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

वाढपी सगळ्यात शेवटी जेवतो. अप्पा आचाऱ्यांबरोबर शेवटच्या पंगतीला बसत, आणि जे उरलं असेल ते संपवणं आपलं काम मानत. त्यांच्या घरात प्रसाद ताटात टाकायची सोय नव्हती. जेवण झालं की ते ताटात पाणी घालत, बोटांनी ताट धुऊन घेत आणि ते पाणी पीत. ताट पुन्हा मांडता येईल इतकं स्वच्छ होई. एकदा पडलेलं अन्न त्यांच्या दृष्टीनं परत जायला रस्ताच नव्हता. वर्षानुवर्षांचं ते उरलेलं अन्न शेवटी त्यांच्या अंगावर साठलं, आणि तो सगळा भार दोन गुडघ्यांवर आला.

मठातल्या त्या प्रकारानंतर काही दिवस दुकान काकूंनी चालवलं. महानंदा काकू, अप्पांची बायको. माहेर कर्नाटकातल्या आळंदकडचं, म्हणून रागावल्या की कानडीत बोलत. अप्पांच्या घरात एकाच माणसाचं नको चालत असे आणि ते म्हणजे काकूंचं 'साकु'. बस्स, पुरे. तो शब्द ऐकला की अप्पांचा हात हवेत थांबे. बाहेरच्या माणसाचं नको त्यांनी कधी ऐकलं नाही, पण हे एक ऐकत.

अप्पा खाटेवर पाय पसरून बसलेले असत आणि गल्ली सल्ला द्यायला येई. एकजण म्हणे तुरीची डाळ बंद करा, वात वाढतो. दुसरा म्हणे वांगं. तिसरी म्हणे दही, ताक, चिंच, आंबट म्हणून काही नको. कुणी बटाटा काढला, कुणी हरभरा. अप्पा कुणालाही नाही म्हणत नसत. ज्यानं जे सोडायला सांगितलं ते त्यांनी सोडलं. महिनाभरात ताटात भात, चपाती आणि चहाबरोबरचा शिरा एवढंच उरलं, कारण शिऱ्याविरुद्ध कुणी बोललं नव्हतं.

त्यांचा मुलगा पुण्याला. काकू आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, धाराशिवला दवाखान्यात पोरीला आमच्याबरोबर पाठवा, डॉक्टर लोक इंग्रजीत बोलतात. मी गेले. हाडांच्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांचे फोटो काढले. सांधे झिजलेत, ऑपरेशन आज नको, पण वजन असंच राहिलं तर टळणार नाही, असं ते म्हणाले. मांड्यांचे व्यायाम दिले, गोळ्या दिल्या आणि आहाराचं बघणाऱ्या बाईंकडे पाठवलं. माझं इंग्रजी तोंडातच राहिलं. बाई भूमकडच्या निघाल्या, बोलणं अगदी आमच्यासारखं.

"दिवसभर काय खाताव, अप्पा?"

अप्पांनी लाजत लाजत दोन चपात्या, थोडा भात असं सांगितलं. काकू भिंतीकडे बघून म्हणाल्या, "लगीनसराईचं सांगा की."

मग सगळं निघालं. शेवटची पंगत, उरलेली हुग्गी, बुंदी, भजी, वर तूप. बाईंनी न हसता ऐकून घेतलं. मग त्यांनी एकेक सोडलेली गोष्ट ताटात परत आणली. डाळ खा, वांगं सोसत असेल तर खा, ताक प्या. पालेभाजी रोज. भाकरी ज्वारीची, पण मोजून. जवसाची चटणी चांगली. तळलेलं आणि गोड मात्र कमी, आणि गूळ म्हणजे साखर नाही असं मनाला समजावू नका. यानं गुडघा नवा होणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. झीज आहे ती आहे. पण वजन उतरलं तर दुखणं उतरतं, चालणं सुधारतं. अप्पांनी विचारलं, पंगतीत एखाद्या दिवशी चाललं तर? बाई म्हणाल्या, एका दिवसानं काही होत नाही, पण तुमचा तो एक दिवस लग्नसराईत रोज येतो.

परतीच्या एसटीत अप्पा खिडकीकडे तोंड करून बसले होते. मग ते काकूंना म्हणाले की पुढच्या श्रावणात मठात बादली आपल्याच हातात असली पाहिजे. बस्स एवढंच. बाकी गुडघ्याचं काय व्हायचं ते होऊ दे. त्या दिवसापासून घरातलं काकूंचं साकु दोनदा ऐकू यायला लागलं, सकाळी आणि संध्याकाळी.

अप्पांनी ते मनावर घेतलं. ज्या माणसानं लोकांच्या ताटात टेकड्या उभ्या केल्या तो दीड भाकरी, मेथीची नाहीतर तांदुळशाची भाजी, वाटीभर वरण आणि जवसाची चटणी एवढ्यावर उठायला लागला. सुरुवातीला त्यांचा चेहरा बघवत नसे. नंतर एकदा ते मला म्हणाले, "म्याडम, भाकरीला चव असती, हे मला आता कळलं बगा. आधी मी ती नुसती हुग्गीसाठी जागा धरायला खात होतो." दिवाळीपर्यंत ते घरापासून दुकानापर्यंत मध्ये न थांबता यायला लागले. आधी मधल्या ओट्यावर टेकत आणि टेकताना कुणाशी तरी बोलायचं निमित्त काढत. आता ओटा ओलांडून पुढे जात, आणि गेल्यावर एकदा मागं वळून त्या ओट्याकडे बघत.

अडचण घरात नव्हती. अडचण आमंत्रणांत होती. त्यांना कुणाच्याही घरी नको म्हणता येत नव्हतं. त्यांना मनापासून वाटे की नको म्हणणं म्हणजे यजमानाला तोंडावर सांगणं, तुझं अन्न माझ्या योग्यतेचं नाही. मी त्यांना एकदा विचारलं होतं, सरळ सांगा ना, डॉक्टरांनी मनाई केली आहे. ते माझ्याकडे असे बघत राहिले जसं मी त्यांना रस्त्यावर कपडे काढायला सांगितलं होतं. वाढप्याला खाता येत नाही, हे कुणाला सांगायचं? लोक म्हणतील, आयुष्यभर दुसऱ्याच्या ताटात ओतलं आणि स्वतःवर आली तर पथ्य काढलं. हे त्यांनी सांगितलं नाही. हे मी त्यांच्या चेहऱ्यावर वाचलं, आणि मला वाटतं बरोबर वाचलं.

मार्गशीर्षात एकदा आईनं मला दुकानात पोहे आणायला पाठवलं. गल्ल्यावर कुणी नव्हतं. मागच्या गोदामात पोत्यांच्या आड हालचाल दिसली. मी हाक मारणार होते. तेवढ्यात दिसलं की अप्पा भिंतीकडे तोंड करून ज्वारीच्या पोत्यावर बसले आहेत, मांडीवर स्टीलचा डबा उघडा आहे, आणि ते घाईघाईनं भाकरी खात आहेत. अंगावर इस्त्रीचा शर्ट, पायांत नवी चप्पल. त्या दुपारी शेजारच्या वाडीत त्यांना जेवायला बोलावलं होतं हे मला माहीत होतं. पोट आधीच भरलेलं असेल तर तिथं कमी जाईल, असा त्यांचा हिशोब होता. माझी चाहूल लागली तसं त्यांनी डब्याचं झाकण लावलं, म्हणजे लावायला गेले, पण चटणीची वाटी आडवी आली आणि झाकण बसेना. एखाद्या चोराला पकडावं तसं झालं. मी वळून जायला निघाले.

"म्याडम," ते म्हणाले. तोंडात घास होता, तो त्यांनी आधी गिळला. "कुनाला सांगू नका."

मी मान हलवली. पोहे न घेताच घरी आले आणि आईला सांगितलं की दुकान बंद होतं. ते वाडीतही जेवले. तिथल्या माणसानं त्यांना तीनदा वाढलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा ओट्यावर टेकले. त्या महिन्यात अशी चार-पाच जेवणं झाली, आणि दिवाळीपर्यंत उतरलेलं सगळं वजन परत चढलं.

त्यांच्या धाकट्या मुलीच्या दिराचं लग्न भूमला होतं. मुलीच्या सासरी जेवण, म्हणजे व्याह्यांच्या मांडवात. आमच्या घरालाही निमंत्रण होतं, एक जीप केली होती. मी अप्पांच्या मागच्या सीटवर होते. येरमाळ्याच्या अलीकडे त्यांनी मान वळवली आणि मला ऐकू येईल इतक्याच आवाजात सांगितलं की आज मी नको म्हणणार आहे. एक पळी हुग्गी घ्यायची, देवाचं म्हणून, आणि पुढं नको म्हणायचं. त्यांनी ते असं सांगितलं जसं पहिल्यांदा पोहायला उतरणारा माणूस सांगतो. काकूंनी मला आधीच एका बाजूला घेऊन सांगितलं होतं की मी मुलीजवळ आत असेन, तू तेवढी अप्पांजवळ बस.

त्या लग्नानंतर मी नोकरीसाठी पुण्याला गेले. ह्या श्रावणात अप्पा मठात उभे होते असं आईनं फोनवर सांगितलं. बादली त्यांना कुणी दिली नाही, चटणीचं ताट दिलं. ते प्रत्येकापुढे थांबत, हवं का विचारत, नको म्हटलं की पुढे जात. लोकांना ते चमत्कारिक वाटलं, आई म्हणाली, एकदोघं म्हणाले अप्पांची तब्येत बरी नसावी. मला मात्र अप्पा म्हटलं की मठ आठवत नाही. मला तो भूमचा मांडव आठवतो, कारण पंगतीत बसलेले अप्पा मी शेवटचे तिथं पाहिले.

सगळी पंगत जमिनीवर सतरंजीवर होती. अप्पांना मांडी घालता येत नव्हती, म्हणून व्याह्यांनी मानानं एक प्लॅस्टिकची खुर्ची आणून रांगेच्या टोकाला ठेवली, पुढे स्टूल, स्टुलावर ताट. त्या एका खुर्चीमुळे ते सगळ्यांच्या वर, सगळ्यांच्या नजरेत आले. ते सारखे पाय खुर्चीखाली ओढून घेत होते. मी त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले. पहिली पळी हुग्गी आली, ती त्यांनी घेतली, हात जोडले, सावकाश खाल्ली. भाजी खाल्ली, भाकरीचा तुकडा खाल्ला. मला वाटलं, जमलं.

मग व्याही स्वतः हुग्गीचं पातेलं घेऊन आले. मोठे, हसरे, घामानं भिजलेले. मुलाचं लग्न लागलं होतं आणि ते आनंदात होते.

"नको," अप्पा म्हणाले. आवाज खाली, डोळे ताटात.

व्याही थबकले आणि मागे वळून मांडवाला म्हणाले, "ऐकलं का, अप्पा नको म्हणतेत."

सगळा मांडव हसला. बेंबळीची माणसं होती, भूमची होती, अप्पांच्या हातून कधी ना कधी खाल्लेली बहुतेक सगळी होती. रांगेतून कुणीतरी म्हणालं, एक झालं. अप्पांनी पुन्हा नको म्हटलं, या वेळी व्याह्यांकडे बघून. "दोन," तीन-चार आवाज एकदम म्हणाले. आता बायकांच्या रांगेतूनही हसू येत होतं. कुणालाही वाईट करायचं नव्हतं. ते अप्पांनाच अप्पांचं शास्त्र परत वाढत होते, मानानं, मायेनं. व्याह्यांनी पळी भरली. ती उलटी करून टेकडी कशी उभी करायची हे त्यांना माहीत होतं. कुणाचं पाहून, हे सांगायला नको.

अप्पांनी ताटावर हात धरला. तो हात मी जन्मभर बघत आले होते, लोकांच्या ताटावरचे हात बाजूला करणारा. पळीतून एक गरम थेंब त्यांच्या बोटांच्या सांध्यावर पडला. त्यांनी हात हलवला नाही. ते तिसऱ्यांदा नको म्हणाले.

"तीन," मांडव म्हणाला, आणि मोठा हशा झाला. कुणीतरी ओरडलं की तिसऱ्यापातूर थांबला तर तो वाढपी कसला. व्याह्यांनी ते वाक्य पुन्हा म्हटलं, अप्पांच्याच चालीत.

अप्पांच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते मठात दिसलं होतं त्याहून वाईट होतं. मठात गुडघ्यानं दगा दिला होता. इथं त्यांनी स्वतः खरं सांगितलं होतं, तीनदा, आणि ते खरं धरायला मांडवात एकही माणूस नव्हता. मला बोलायचं होतं. त्यांचे गुडघे, डॉक्टर, सगळं सांगायचं होतं. पण कुणाला सांगू नका असं ते म्हणाले होते, आणि या सगळ्यांसमोर, मुलीच्या सासरी, त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचं पथ्य मी मोठ्यानं उच्चारलं असतं तर त्यांचा उरलासुरला मानही गेला असता. अप्पांची बोटं ताटावरून एकेक करून सुटायला लागली होती. ते हसण्याचा प्रयत्न करत होते.

भूमकडच्या बायका मला ओळखत नव्हत्या. बेंबळीच्या ओळखत होत्या, म्हणजे अधिकच वाईट. मुलीनं व्याह्यांच्या मांडवात तोंड उघडून मागून खाणं म्हणजे काय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी माझं ताट दोन्ही हातांनी उचललं आणि स्टुलावरच्या ताटाच्या वर, थेट त्या पळीखाली नेऊन धरलं. हसणं आपोआप थांबलं. सगळी रांग माझ्याकडे बघत होती, अप्पाही.

"काका, इकडं वाढा," मी म्हणाले. आवाज माझ्या अंदाजापेक्षा फार मोठा निघाला, त्या गप्प मांडवात शेवटपर्यंत गेला. "सगळी पळी मला वाढा. मला भूक आहे. मला अजून हवंय."